आबांनी खुर्ची पारखली

जळगावला बाहेरचे लोक सोनं घ्यायला येतात, भुसावळला गाडी बदलायला उतरतात, मुक्ताईनगरला दर्शनाला जातात आणि धुळ्याला बहुधा दुसरीकडे कुठे तरी जाताना थांबतात. या हिवाळ्यात मी वडिलांना घेऊन ही चारही गावं केली, ती एका खुर्चीसाठी. जुनी, वापरलेली, लाकडी, एका माणसापुरती खुर्ची. असा प्रवास करण्याची वेळ फारशी कोणावर येईल असं वाटत नाही. पण आम्हालाही तसं वाटलं नव्हतं, म्हणून लिहून ठेवतो.

मेहरूण

आम्ही जळगावात मेहरूण भागात राहतो, तलावाच्या बाजूला. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला, आणि ती ज्यांच्यामुळे मिळाली ते माझे वडील, म्हणजे आबा. रावेर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव आहे. तिथे आबांनी जन्मभर केळी लावली आणि बैल राखले. आई गेल्यापासून ते गावी एकटेच असत. दिवाळीनंतर त्यांचा उजवा गुडघा इतका सुजला की मी त्यांना उचलूनच जळगावला आणलं.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "जमिनीवर बसणं आजपासून बंद. मांडी नाही, उकिडवं नाही. खुर्ची वापरा. नाही तर पुढच्या वर्षी हा गुडघा तुम्हाला स्वतःच्या दारापर्यंत नेणार नाही."

आबा "हो सायेब" म्हणाले, घरी आले आणि सोफ्याला पाठ टेकून खाली जमिनीवर बसले.

"आबा, वर बसा ना सोफ्यावर," माझी बायको वैशाली म्हणाली.

"मी का पाहुना हाये?"

प्लॅस्टिकची खुर्ची पुढे केली, तर तिच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मागच्या वर्षी एका लग्नात असल्याच एका खुर्चीचे पाय आबांखाली फाकले होते आणि नवरदेवाकडच्या मंडळींसमोर ते वरणाच्या पातेल्याशेजारी आडवे झाले होते. नवीन लाकडी खुर्ची आणू म्हटलं, तर म्हणाले, "नव्या खुर्चीत पह्यले मी बसू? लाज वाटते रे मले." यात त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. खुर्ची ही वस्तू आबांना ठाऊक होती ती समोरून. तलाठ्याची खुर्ची, सोसायटीच्या चेअरमनची खुर्ची, माझ्या शाळेतल्या हेडमास्तरांची खुर्ची. त्या खुर्चीसमोर टोपी काढून उभं राहायचं असतं, एवढाच त्यांचा तिच्याशी संबंध.

मग आबांनी तोडगा काढला. खाली बसायचं नाही, खुर्चीवर बसायचं नाही, तर उभं राहायचं. ते दिवसभर हॉलमध्ये उभे राहू लागले. उभ्याने चहा, उभ्याने टीव्ही. त्यातून वेगळीच अडचण झाली. आमच्याकडे वडीलधारं माणूस उभं असताना कोणी बसत नाही, त्यामुळे आलेले पाहुणेही उभे राहायचे. वैशालीचे आईवडील भेटायला आले आणि पोह्यांच्या बशा हातात धरून भिंतीला टेकून उभे राहिले, बस चुकल्यासारखे. शेजारचे काका पेपर मागायला आले आणि तेही पाऊण तास उभे. सोफा मात्र मधोमध रिकामा.

शेवटी आबाच म्हणाले, "मले गावी सोड. तठी माह्या वट्यावर बसीन मी."

गावचा ओटा म्हणजे जमीनच. तिथे ते मांडी घालून बसणार, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं पुढचं वर्ष येणार, हे मला दिसत होतं. तेव्हा वैशालीला सुचलं. ती म्हणाली, "आबा, नव्या खुर्चीची लाज वाटते ना? मग जुनी आणू. दुसरं कोणी तरी आधीच बसून झालेली."

आबांनी बराच विचार केला. "वापरातली असली तं पाहू," ते म्हणाले. "पन पारखीन मी. अन् मनासारखी भेटली नही तं गावी."

त्याच संध्याकाळी आम्ही हायवेवरच्या जुन्या फर्निचरच्या एका शेडमध्ये गेलो. तिथे माझ्या लक्षात आलं की घरातली खाट गावच्या सुताराने करून दिली होती, म्हणजे चार पायांची म्हणून आबांनी आयुष्यात फक्त एकच वस्तू विकत घेतली होती: बैल. त्यामुळे त्यांना पारखण्याची एकच रीत माहीत होती. त्यांनी एका खुर्चीभोवती चक्कर मारली, पाठीवर थाप दिली, पुढचा पाय उचलून तळ बघितला.

"अस्सल सागवान आहे बाबा," दुकानदार म्हणाला.

"ते राहू दे. चालवून दाखव."

"काय चालवून?"

"इले. तू घेऊन चाल, मी मांगून पाह्यतो."

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "दाखवा ना थोडी." त्याने खुर्ची शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेली. आबा कंबरेवर हात ठेवून मागून बघत होते.

"मांगचा उजवा पाय वढते."

"अहो, फरशी खालीवर आहे माझी!"

"चांगल्याले खालवर जमिनीतच पाह्यतात."

दुकानदार इरेला पेटला. त्याने आतून गवंड्याची लेव्हल आणून खुर्चीच्या बैठकीवर ठेवली. "हे बघा, पाण्यातला बुडबुडा मधोमध. पाय चारही सारखे."

आबांनी बुडबुडा वाकून नीट बघितला. "मंग पान्यालेच इक," असं म्हणून ते बाहेर पडले.

भुसावळ

भुसावळला रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गार्डसाहेबांकडे जुनी आरामखुर्ची आहे, असं आमच्या कॉलेजच्या लिपिकाने सांगितलं होतं. रेल्वेच्या जुन्या वेटिंग रूममध्ये असायची तशी: वेताची बैठक, मागे झुकलेली पाठ आणि पाय टाकता येतील असे पुढे वाढत गेलेले लांब हात. गार्डसाहेबांनी ती लिलावात घेतली होती आणि आता मुलाकडे पुण्याला जायचं म्हणून काढून टाकत होते. मला ती बघताक्षणी आवडली. आबा मात्र दारातच थांबले.

"इचे शिंगं पाह्य," ते माझ्या कानाशी म्हणाले. "दोन्ही पुढं. मारकी हाये."

"आबा, ते पाय ठेवायला आहेत," असं म्हणत गार्डसाहेब उत्साहाने खुर्चीत पडले आणि दोन्ही पाय दोन्ही हातांवर पसरून दाखवले. घरी लुंगीवर होते. आबांनी सभ्यपणे तोंड भिंतीकडे वळवलं.

"काम काय केलं इनं आजपर्यंत?" भिंतीकडे बघतच त्यांनी विचारलं.

"काम? आरामखुर्ची आहे ती. दुपारी जेवून हिच्यात पडायचं."

"म्हंजे बसकी," आबा मला म्हणाले. बसका म्हणजे नांगराला जुंपलं की मध्येच खाली बसणारा बैल. गार्डसाहेबांना अर्थ कळला नाही, पण सूर कळला. रेल्वेच्या लाकडाबद्दल ते बरंच बोलले. तरी माणूस मोठ्या मनाचा. जेवल्याशिवाय सोडलं नाही. शेवभाजी इतकी झणझणीत की माझ्या कानातून वाफा निघाल्या. आबा उभ्याने जेवले, म्हणून गार्डसाहेबही उभ्याने जेवले आणि वाढणाऱ्या त्यांच्या सूनबाई ताटं घेऊन दोघांभोवती फिरत राहिल्या. पंगत उभी असू शकते, हे मी तिथे शिकलो.

दीपनगर

भुसावळच्या पुढे वीज केंद्राची वसाहत आहे, दीपनगर. बदली झालेले साहेब लोक तिथे सामान विकून जातात. त्यातल्या एका इंजिनिअरकडे आम्ही गेलो. मूळचे नागपूरचे, अतिशय नम्र. वसाहतीत राखेचा एक पातळ थर सगळीकडे बसतो, त्यामुळे वहिनी प्रत्येक वस्तू दाखवण्याआधी पुसत होत्या आणि मग ती वस्तू कोणत्या रंगाची आहे हे सर्वांना कळत होतं.

त्यांच्याकडे निघाली ती फिरती खुर्ची, खाली चाकं असलेली. इंजिनिअरसाहेबांनी बोटाने ढकलली तर ती गोल फिरली आणि फिरतच राहिली.

"घानीची," आबा म्हणाले, म्हणजे तेलाच्या घाण्याला गोल फिरणारी. "इचे डोये बांधा लागतीन."

मी काही बोलणार तोच वहिनी चहा घेऊन आल्या. दुसऱ्याच्या घरी, तेही साहेबाच्या, कप हातात आल्यावर आबांकडून जन्माच्या सवयीने व्हायचं तेच झालं. ते भिंतीशी गेले आणि सरळ खाली मांडी घालून बसले. मी ओरडलो, पण उशीर झाला होता.

चहा संपला. आबांनी उठायचा प्रयत्न केला. गुडघा हललाच नाही.

त्यांनी एक हात जमिनीला लावला, मग दोन्ही. चेहरा राखेसारखा झाला. मी आणि इंजिनिअरसाहेबांनी काखेत हात घातले, तर आबा मांडी घातलेल्याच अवस्थेत वर उचलले गेले, देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखे. पाय सुटेनातच. आम्ही त्यांना हवेत धरून उभे. मग वहिनींनी प्रसंगावधान राखून फिरती खुर्ची खाली सारली आणि आम्ही आबांना तिच्यात ठेवलं. तशीच ती ढकलत दारातून, अंगणातून, फाटकातून आम्ही रिक्षापर्यंत नेली. वाटेत उतारावर ती एकदा पूर्ण फिरली. आबांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते.

रिक्षात बसवल्यावर बऱ्याच वेळाने त्यांचा पाय सरळ झाला.

"बघा आबा," मी धीर करून म्हणालो, "बसलात की नाही खुर्चीत?"

"बसलो नही. ठेवलं मले."

मुक्ताईनगर

आबांना तिथूनच मुक्ताईनगरला जायचं होतं. इतक्या जवळ आल्यावर दर्शन न घेता परत फिरायचं नाही, हा आमच्याकडचा अलिखित नियम. देवळात भजन चालू होतं, बायाबापड्या सतरंजीवर दाटीवाटीने बसल्या होत्या. एक ओळखीचे म्हातारे गृहस्थ सरकून म्हणाले, "या भाऊ, बसा इठी." आबांनी हात जोडले आणि नाही म्हणून खांबाशी उभे राहिले. दर वर्षी ते इथे तासन् तास बसत. एक अभंग झाला, दुसरा झाला. टाळ वाजवायला त्यांचे हात शिवशिवत होते, पण टाळकरी बसलेले आणि हे उभे. तो मेळ जमत नव्हता. तिसऱ्या अभंगाआधी ते बाहेर आले.

"पुरे झालं आता," चपला घालताना ते म्हणाले. "सोड मले गावी."

"धुळ्याला एक जण आहे. तेवढं बघू. शेवटचं."

"शेवटचं," आबा म्हणाले. देवळाच्या पायरीवर बोललेला शब्द ते मोडत नाहीत, म्हणून मला भीतीच वाटली.

धुळे

धुळ्याला एसटीने गेलो. एसटीच्या सीटवर आबा निवांत बसतात. कसं काय, असं मी एकदा विचारलं होतं. "तिकीट काढलेलं राह्यते ना," असं उत्तर मिळालं.

तापीकाठची केळी मागे पडली की कपाशीची काळी रानं सुरू होतात आणि पारोळ्याच्या पुढे बोली बदलते. आमच्याकडे 'हाये', तर इथे 'शे'. आमच्या भागातला माणूस भांडत असला तरी ओढून-ताणून बोलतो, इकडचा माणूस प्रेमाने बोलला तरी लगबगीत बोलतो. धुळ्यात पांझरेच्या पुलापासून थोडं आत गेल्यावर पत्र्याचं कुंपण घातलेलं मोठं आवार लागलं. गजमल नानांचा जुन्या फर्निचरचा धंदा तिथे होता.

फाटकातून आत शिरलो आणि आबा जागीच थबकले.

आवारात खुर्च्या, टेबलं, कपाटं ओळीने उभी होती आणि प्रत्येकाच्या पुढच्या पायाला दोर होता. दोर जमिनीतल्या खुंट्यांना बांधलेले. एका बाकाला तर दोन बाजूंनी दोन दोर होते.

"हा का बांधला?" मी विचारलं.

"तो व्हय? भटकस तो," आतून आवाज आला. डोक्याला लाल रुमाल बांधलेले, माझ्या आबांच्याच वयाचे गजमल नाना बाहेर आले. "ईतवारले लोके येतस, बाक उचलतस, निंबना खाले नेतस, तठेच सोडी देतस. म्हनीसन बांधी ठेवस. कोठेन उनात भाऊ?"

नाना मूळचे बैलबाजारातले दलाल निघाले. गावोगाव ट्रॅक्टर आले, बाजार बसला, तेव्हा त्यांनी हा धंदा धरला. माल बदलला, रीत तीच ठेवली. हे कळल्यावर आबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी भुसावळपासून शोधत होतो. दोघं जण ओळीतून फिरू लागले आणि मी मागून.

"ही कशी?" आबांनी एका कोरीव खुर्चीवर थाप मारली.

"दिसाले चांगली शे. पन लाथ मारस. मांगे रेललं का पुढला पाय वर."

"अन् ही?"

"गरीब शे बिचारी. पन म्हातारी व्हयनी. तुमले झेपाव नही."

बैलबाजारात विकणाऱ्याने जनावराची खोड आधी सांगायची असते. लपवली तर सौदा मोडतो. नाना प्रत्येक खुर्चीची खोड सांगत होते, स्वतःचाच माल एकामागून एक नापास करत होते, आणि आबांचा विश्वास वाढत चालला होता. माझा मात्र धीर सुटत होता, कारण ओळ संपत आली होती.

मध्येच जेवणाची वेळ झाली. नानांच्या घरून कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा आला. आवारात सहा-सात डायनिंग टेबलं होती, पण नाना आणि त्यांचा हमाल जमिनीवर पोतं टाकून बसले. आबांना खाली बसायची बंदी, म्हणून त्यांचं ताट उंच काही तरी बघून एका ड्रेसिंग टेबलवर ठेवलं. समोर पुरुषभर आरसा. आबांनी पहिला घास घेतला आणि थांबले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःला जेवताना बघितलं.

"असा खातो मी?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"तुह्या मायनं कधी सांगतलं नही."

पुढचं सगळं जेवण ते तोंड मिटून, फार हळू जेवले. आरशातल्या माणसाला एकदा त्यांनी ठेचाही पुढे केला.

जेवणानंतर नाना आम्हाला मागच्या छपरात घेऊन गेले. तिथे एकच खुर्ची बांधलेली होती. रुंद, जड, शिसवी. हातांवरचं पॉलिश घासून काळं गुळगुळीत झालेलं. पाठीला वरखाली होणारं डोकं टेकायचं लाकूड, खाली पाय ठेवायची फळी. न्हाव्याची खुर्ची होती ती.

"शिरपूरकडना एक गावनी शे," नाना म्हणाले. "तीन पिढ्या चालनी. पोरगा मुंबईले गया, दुकान बंद पडनं."

"कोन बसलं हिच्यात?" आबांनी विचारलं. प्रत्येक ठिकाणी त्यांनी हे विचारलं होतं, आणि प्रत्येक ठिकाणी कोणी ना कोणी साहेब निघाला होता.

"बठ्ठा गाव बसना. पाटील बसना, हमाल बसना. फौजदार बी बसना. अन् एक सांगू का भाऊ? फौजदार का असेना, आठे बसना का मान खाले. उभा राहस तो न्हावी, अन् वस्तरा त्यान्हा हातमा."

आबा एकदम मोठ्याने हसले. मी त्यांना असं हसताना आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं. त्यांनी खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला, मान वरखाली करून बघितली, पाय तपासले. चालवून दाखवायलाही सांगितलं नाही.

"खोड?"

"एकच शे. मान टाकस. टेकेल राह्यनात का मधमाच धप करी खाले. धोका काही नही, आभाय दिसस."

"चालीन," आबा म्हणाले.

मग नानांनी डोक्याचा लाल रुमाल सोडला, स्वतःच्या हातावर टाकला आणि आबांनी त्याखाली हात घातला. बैलाचा भाव असाच ठरतो. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबायची, तोंडाने आकडा काढायचा नाही, म्हणजे बघ्यांना काही कळत नाही. आता त्या छपरात बघ्या मी एकटा होतो आणि पैसे मलाच द्यायचे होते. दोघं म्हातारे हातात हात घालून आभाळाकडे बघत उभे होते. मध्येच आबांनी मान हलवली. मध्येच नाना "मरी गऊ!" म्हणाले. मध्येच दोघांनी हात सोडले, पाठ फिरवली, आणि पुन्हा धरले.

"किती?" मी न राहवून विचारलं.

"तू मधी बोलू नको," आबा म्हणाले.

"सौदामा तिसरानी तोंड घालू नही भाऊ," नाना म्हणाले.

शेवटी रुमाल झटकला गेला. आबांनी माझं पाकीट मागून घेतलं, दोघं कपाटाआड गेले आणि पाकीट मला हलकं होऊन परत मिळालं. किती हलकं ते बघायचं नाही, असं मी तेव्हाच ठरवलं.

"आता बसून बघा आबा," मी म्हणालो. एवढ्यासाठीच तर सगळं होतं.

दोघांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी ओशाळलो.

"बाजारात कोनी जुंपते का रे जनावर?" आबा म्हणाले. "घरी नेल्यावर पाह्यतात."

"पाय धुईसन, कुंकू लायीसन," नानांनी पुस्ती जोडली.

म्हणजे खुर्ची घेतली होती, पण आबा तिच्यात बसतील की नाही हे मला अजूनही ठाऊक नव्हतं. घरी गेल्यावर हिचीही पूजा होणार, आणि पूजा केलेल्या वस्तूवर आबा बसणार? मी मनातल्या मनात गावी सोडायची तयारी सुरू केली.

परतीची वाट

सावद्याचा एक पिकअपवाला, युनूसभाऊ, धुळ्याच्या मार्केटला केळी उतरवून रिकामा परत चालला होता. नानांनी त्याला गाठून दिलं. खुर्ची मागच्या हौद्यात चढवली, तोंड पुढे करून बांधली. मी आबांसाठी पुढचं दार उघडलं, तर आबा मागे.

"नवं जनावर एकटं सोडतात का गाडीत? बुजते."

"आबा, शंभराच्या आत-बाहेर किलोमीटर आहे!"

"म्हनूनच."

युनूसभाऊ केळीवाले, त्यांना आबांची जात लगेच कळली. ते मला म्हणाले, "सर, तुम्ही बसा पुढं. ऐकणारे नाहीत ते."

हौद्याच्या पत्र्यावर केळीच्या घडांचा चीक सांडून काळा झाला होता. केळीचा चीक कपड्याला लागला की कपडा फाटेल पण डाग जात नाही. आमच्या भागात कोण केळीत राबतं ते सदऱ्यावरून कळतं. आबा आज ठेवणीतल्या पांढऱ्याशुभ्र धोतरात होते. गाडीत होतं ते एकमेव बारदान त्यांनी खुर्चीच्या पायांखाली घातलं होतं, तिचे खूर खराब होऊ नयेत म्हणून. म्हणजे खाली बसायला जागा नव्हती. आबा खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले आणि गाडी निघाली.

मागच्या काचेतून मला फक्त धोतर दिसत होतं. पारोळ्यापर्यंत धोतर ताठ होतं. पारोळ्याला आम्ही थांबलो, मी खाली उतरून विनवणी केली, आबांनी चहा घेतला आणि नाही म्हणाले. पुढे ते धोतर हलायला लागलं. उजवा पाय वाकत होता, सावरत होता, पुन्हा वाकत होता. मी मागे वळून-वळून बघत होतो. एरंडोल जवळ आलं तेव्हा एक गतिरोधक लागला, गाडी उसळली, आणि मी वळून पाहिलं तर काचेत धोतर नव्हतं.

"थांबवा!" मी किंचाळलो.

दार उघडून मागे धावलो. रस्त्यावर कोणी पडलेलं नव्हतं. हौद्याची फळी धरून वर पाहिलं.

आबा खुर्चीत बसले होते. पूर्ण बसले होते. पाठ टेकलेली, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, पाय फळीवर, टोपी सरळ. माझ्याकडे त्यांनी पाहिलं आणि जणू मीच उगाच गाडी थांबवली अशा आवाजात म्हणाले, "चाल ना. काहून थांबला?"

बोललो असतो तर ते उठले असते. मी मुकाट्याने पुढे जाऊन बसलो आणि युनूसभाऊंना फक्त "चला" म्हणालो. माझा आवाज ऐकून त्यांनी मला पाण्याची बाटली दिली.

एरंडोलच्या चौकात गर्दी होती. उघड्या गाडीत, उंच खुर्चीवर, पांढऱ्या कपड्यातले, डोक्यामागे लाकडी टेकू असलेले आबा बघून चहाच्या टपरीवरचे लोक उठून उभे राहिले. एकाने रामराम घातला. आबांनी हात वर केला. मग सगळ्यांनीच घातला.

"कोण उभे राहिले रे?" एकाने युनूसभाऊंना खिडकीतून विचारलं. "झेडपी का?"

"उभे नाहीत," युनूसभाऊ म्हणाले. "बसले."

"बिनविरोध?" तो थक्क झाला आणि पळत मागे गेला. "आबा, आमच्या गल्लीच्या गटारीचं बघा बरं का!"

"पाहू," आबा वरून म्हणाले. तेवढ्यात खुर्चीने मान टाकली, आबांचं तोंड आभाळाकडे झालं, आणि लोकांना वाटलं त्यांनी देवाला साक्ष ठेवली. मागून कोणी तरी जयजयकार केला. दोन मोटारसायकली पाळधीपर्यंत आमच्या मागे आल्या.

मेहरूणला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. मी वैशालीला फोनवर सगळं सांगितलं होतं, त्यामुळे ती तांब्या आणि कुंकवाची कोयरी घेऊन दारात उभी होती. युनूसभाऊंनी मागची फळी पाडली. आबा उठले नाहीत. वैशाली पुढे झाली, तांब्या कलता केला, आणि थांबली. नव्या जनावराचे पाय धुवायचे हे तिला माहीत होतं, पण वडीलधारं माणूस समोर असताना त्यांना सोडून खुर्चीचे धुवायचे कसे? तिने माझ्याकडे बघितलं. मग तिने सहाही पाय धुतले, आधी आबांचे दोन, मग खुर्चीचे चार, आणि सगळ्यांना कुंकू लावलं.

शेजारचे काका पेपर हातात घेऊन आले होते. आबा बसलेत हे त्यांनी नीट निरखून बघितलं आणि आमच्या पायरीवर हुश्श करून बसले.

"उतरा आता आबा," मी हात पुढे केला. "घर आलं."

आबांनी माझा हात बघितला, मग उजवीकडे तलावाकडे बघितलं. पाण्यावर ऊन पडलं होतं.

"युनूस," ते म्हणाले, "तलावाले एक चक्कर मार. पन सावकास घे. आज पह्यलाच दिवस हाये."